फुकटचे ऑनलाइन कोर्स नीट अर्धवट कसे सोडायचे

माझ्या ब्राउझरमध्ये 'नंतर बघू' नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात एकतीस कोर्स आहेत, सगळे फुकटचे. हवामान बदलावर चार, गरिबीवर तीन, कोडिंगचे पाच, मातीचं आरोग्य, शहरांचं नियोजन, मानसशास्त्र, आणि एक मधमाश्यांवरचा, जो मी रात्री दीड वाजता कुठल्या भरात घेतला ते मलाच आठवत नाही. पूर्ण केलेले किती? दोन. बरीच वर्षं मला याची लाज वाटायची, कोणी विचारलं हल्ली काय शिकतोयस की मी विषयच बदलायचो. मग कळलं की हा रोग माझ्या एकट्याचा नाहीये.

२०१९ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकन विद्यापीठांनी एडएक्स नावाच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर चालवलेल्या कोर्सेसचा २०१२ ते २०१८ चा सगळा डेटा तपासला होता, ५६ लाखांवर माणसं आणि सव्वा कोटीच्या वर नोंदण्या. त्यात २०१७-१८ या वर्षात कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. शंभरात तीन! त्याहून गंमत म्हणजे नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स एकदाही उघडून बघितला नाही. आणि ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र पूर्ण करणारे ४६ टक्के निघाले.

हे वाचून बहुतेक लोक लगेच म्हणतात, बघा, फुकट मिळालं की किंमत राहत नाही. मला हे अर्धंच पटतं. लायब्ररीत जाऊन दहा पुस्तकं चाळून त्यातलं एक घरी आणणाऱ्याला आपण नऊ विषयांत नापास म्हणतो का? नाही ना. फुकट कोर्सचा सगळ्यात चांगला उपयोग चाळण्यासाठीच आहे असं माझं मत झालंय, एखादा सामाजिक प्रश्न नक्की काय आहे, पर्यावरणाच्या बातम्यांमागचं गणित काय आहे, एखादं काम आपल्याला जमेल का, हे कमी खर्चात चाचपून बघायचं. अडचण एवढीच की चाळणं आणि नुसतं अकाउंट उघडून विसरणं यात फरक आहे आणि तो फरक कोणी शिकवत नाही. हा लेख त्याच्यासाठी.

आधी थोडं मागचं सांगतो. घरी बसून विद्यापीठाचं शिकायचं ही कल्पना इंटरनेटच्या खूप आधीची, ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि टीव्ही-रेडिओवरून शिकवायला लागलं. इंटरनेटवरचा मोठा धक्का २००१ चा, एमआयटीने जाहीर केलं की आम्ही आमच्या कोर्सेसचं साहित्य जगाला मोकळं करणार, आणि पुढच्या वर्षी ५० कोर्सेसपासून सुरुवात केली. आता तिथे २,५०० च्या वर कोर्सेसचं साहित्य आहे आणि अजूनही लॉगिन लागत नाही. लोकांना तेव्हा कळेचना की एवढी मोठी संस्था आपलं शिकवणं फुकट का देतेय, पण नीट बघितलं तर ते देत होते नोट्स, पेपर, व्हिडिओ. शिक्षक, वर्ग, परीक्षा, डिग्री काहीच देत नव्हते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

मग २०११ च्या शरद ऋतूत सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा वर्ग ऑनलाइन फुकट उघडला आणि जवळपास १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं. लगेच २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे तिन्ही प्लॅटफॉर्म उभे राहिले. तेव्हाची भाषा आठवली की हसू येतं, आता विद्यापीठं बंद पडणार वगैरे. एडएक्सचा पहिला कोर्स इलेक्ट्रॉनिक सर्किटचा होता, नोंदण्या दीड लाखाच्या वर आणि पास झाले सात हजारांच्या थोडे वर. आता यात गंमत बघा, टक्क्यांत हा आकडा लाजिरवाणा दिसतो, पण एका कोर्सला सात हजार पास म्हणजे वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला तेवढी मुलं पास करायला अख्खी कारकीर्द पुरणार नाही. कुठला आकडा हातात धरतो त्यावर यश-अपयश ठरतं, आणि याच गोष्टीकडे आपण गरिबीच्या वेळी परत येणार आहोत.

फुकट म्हणजे नक्की काय फुकट? हे आधी बघायचं. एक प्रकार खरा मोकळा, एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, ओपन युनिव्हर्सिटीचं २००६ पासूनचं ओपनलर्न, खान अकॅडमी. यातल्या बऱ्याच साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स असतं, म्हणजे नाव देऊन तुम्ही ते दुसऱ्याला वाटू शकता, काही ठिकाणी भाषांतरही करू शकता, फक्त कुठे 'व्यापारी वापर नको' अशी अट असते तर कुठे 'बदल करू नका' अशी. दुसरा प्रकार म्हणजे ऑडिट, व्हिडिओ बघा फुकट पण असाइनमेंट तपासून मिळणार नाही, सर्टिफिकेटचे पैसे, आणि बरेचदा काही आठवड्यांनी दरवाजा बंद. काही ठिकाणी तर आता पहिला भागच फुकट असतो आणि पुढे कार्ड मागतात. तिसरा प्रकार 'फ्री ट्रायल', तो फुकट नाहीच, ते फक्त उशिरा येणारं बिल आहे. नाव नोंदवायच्या आधी दोन मिनिटं हे वाचलं तर पुढचा बराच वैताग वाचतो. आणि हो, प्लॅटफॉर्म कायमचे नसतात. एडएक्स २०२१ मध्ये टूयू नावाच्या कंपनीने ८० कोटी डॉलरला घेतलं आणि त्याच कंपनीला २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. एडएक्स चालू राहिलं, पण धडा असा की जे आवडलं त्याच्या नोट्स स्वतःकडे ठेवा, त्यांच्या वेबसाइटवर विसंबू नका.

आता मुद्द्याचं. पर्यावरण, समाज आणि करिअर हे तीन विषय लोक एकाच पद्धतीने शिकायला जातात, पहिला व्हिडिओ लावायचा आणि बघत राहायचं. माझा अनुभव असा की तिन्हींची किल्ली वेगळी आहे.

पर्यावरणापासून सुरू करतो कारण माझे सगळ्यात जास्त गैरसमज तिथे होते. इथे माहितीची टंचाई नाहीये, उलट पूर आहे, पण यंत्रणा कशी चालते ते डोक्यात बसत नाही. एक प्रश्न विचारतो, प्रामाणिकपणे उत्तर द्या. समजा जगाचं कार्बन डायऑक्साइड सोडणं आज आहे तेवढंच राहिलं, वाढलं नाही, कमीही झालं नाही, तर हवेतलं त्याचं प्रमाण काय होईल? बहुतेक जण म्हणतात स्थिर राहील. मीही तेच म्हणालो होतो. चूक.

बादलीचं उदाहरण घ्या, जिच्या तळाला भोक आहे. वरून नळ चालू, खालून गळती. माणसाच्या उद्योगातून दरवर्षी साधारण ४,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा नळ. समुद्र आणि झाडं-माती मिळून त्यातला साधारण अर्धा शोषून घेतात, ही गळती. उरलेला हवेत साठतो. आता नळ आहे तेवढाच ठेवला तरी गळतीपेक्षा तो दुप्पट सोडतोय ना, मग पाणी चढतच राहणार. पाणी थांबवायचं तर नळ गळतीएवढा खाली आणायला लागतो, नुसता 'अजून मोठा करायचा नाही' म्हणून भागत नाही. एमआयटीचे जॉन स्टर्मन यांनी हा प्रश्न एमआयटीच्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिला होता आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर चुकलं, गणित-विज्ञान शिकलेल्या मुलांचं, त्यामुळे आपलं चुकलं तर फार वाईट वाटून घेऊ नका.

एवढं एक समजलं की बातम्या वेगळ्या दिसायला लागतात. २०२० मध्ये जग ठप्प झालं, कोळसा-तेल-गॅसमधून सोडलेला कार्बन पाचेक टक्क्यांनी घटला, आणि तरी हवेतलं प्रमाण वाढलंच. कारण नळ पाच टक्के बारीक झाला होता, बंद नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंत ३१५ च्या आसपास रेणू कार्बन डायऑक्साइडचे होते, आता ते ४२० च्या पुढे गेलेत, आणि कारखाने यायच्या आधी होते साधारण २८०. तो आलेख एकदा स्वतः उघडून बघा, त्यात दरवर्षी एक छोटी लाट दिसते, उत्तर गोलार्धात झाडं पानांनी भरली की रेषा खाली येते आणि पानं झडली की वर जाते. पृथ्वीचा श्वासच तो. मला हा आलेख कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त काही शिकवून गेला.

म्हणून पर्यावरणासाठी माझा सल्ला असा की व्हिडिओ कमी आणि हात घालून बघायच्या गोष्टी जास्त. एन-रोड्स नावाचं एक फुकट सिम्युलेटर आहे, क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि एमआयटीचं मॅनेजमेंट स्कूल स्लोन यांनी केलेलं. स्क्रीनवर स्लायडर असतात, कोळशावर कर लावा, जंगलतोड कमी करा, इलेक्ट्रिक गाड्या वाढवा, आणि २१०० सालचं तापमान समोर बदलताना दिसतं. तिथे झाडं लावण्याचा स्लायडर मी पूर्ण टोकाला ओढला होता, अगदी विश्वासाने, आणि आकडा जेमतेम हलला. झाडं लावू नका असा त्याचा अर्थ नाही, पण झाडं वाढायला दशकं लागतात आणि नळ आत्ता चालू आहे. कार्बनवर कर लावला तर मात्र आकडा चांगला सरकतो. अर्ध्या तासाचा खेळ आहे, पण त्यानंतर कुठलाही जाहिरातीतला 'आम्ही झाडं लावतो' वाला दावा वाचताना डोळे बारीक होतात.

रीतसर कोर्स हवा असेल तर यूएन सीसी लर्न या संयुक्त राष्ट्रांच्या वेबसाइटवर हवामान बदलाचे फुकट कोर्स आहेत आणि त्यांचं सर्टिफिकेटही फुकट मिळतं. मूळ कागद वाचायचा असेल तर आयपीसीसीचे, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे, रिपोर्ट सगळ्यांना मोकळे आहेत. २०२१ चा विज्ञानाचा रिपोर्ट दोन हजारांवर पानांचा, तो कोणी वाचत नाही, मीही नाही, पण धोरण ठरवणाऱ्यांसाठीचा सारांश तीसेक पानांचा आहे तो वाचता येतो. फक्त एक गोष्ट आधी माहीत पाहिजे, त्यातले 'शक्यता आहे', 'दाट शक्यता आहे' हे शब्द आपण गप्पांत वापरतो तसे नाहीत. त्यांच्या भाषेत 'शक्यता' म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त आणि 'दाट शक्यता' म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त, असं मोजून ठरलेलं आहे. हे माहीत नसेल तर अख्खा रिपोर्ट गुळमुळीत वाटतो, आणि खरं तर तो तसा अजिबात नाहीये.

सामाजिक विषयांचं गणित वेगळं. तिथे यंत्रणेपेक्षा व्याख्येवर सगळं अडतं. कोणाला गरीब म्हणायचं, कोणाला बेरोजगार म्हणायचं, साक्षर म्हणजे सही करता येणं की परिच्छेद वाचून समजणं, हे आधी ठरतं आणि मग आकडा येतो. याचं सगळ्यात ताजं उदाहरण जून २०२५ चं. वर्ल्ड बँकेने अति गरिबीची रेषा माणशी दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, आणि जगातल्या अति गरीब लोकांचा आकडा एका झटक्यात सुमारे १२.५ कोटींनी वाढला. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसांच्या घरात काहीही बदललं नव्हतं. मग वर्ल्ड बँक खोटं बोलत होती का? नाही, किमतींचा नवा डेटा आला, देशांनी स्वतःच्या रेषा वर नेल्या, त्याप्रमाणे जगाची रेषा हलली. आणि हे डॉलरसुद्धा खिशातले डॉलर नाहीत बरं का, एका देशात तेवढ्या पैशात जे येतं ते दुसऱ्या देशात किती पैशात येईल असा हिशोब करून काढलेले आहेत.

त्यामुळे सामाजिक विषयाचा कोर्स घेताना पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट शोधतो, हे लोक मोजतात काय आणि कसं. ते सांगितलं नसेल, नुसत्या भावुक गोष्टी आणि मागे पियानो वाजत असेल, तर मी टॅब बंद करतो. निर्दयी वाटेल, पण असा कोर्स तुम्हाला मत देतो, समज देत नाही. उलट एमआयटीच्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा जागतिक गरिबीवरचा कोर्स आहे, त्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं, त्यात प्रश्न एकदम छोटा करून विचारतात. 'गरिबी कशी हटवायची' असं नाही, तर 'मच्छरदाणी फुकट दिली तर लोक वापरतात का, की थोडे पैसे घ्यावेत'. आणि मग दोन्ही करून बघतात, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैशात. थोडक्यात औषधाची चाचणी करतात तशी योजनेची चाचणी. त्या पद्धतीवर टीका पण भरपूर आहे, की मोठे प्रश्न असे तुकड्यात सुटत नाहीत, सत्ता आणि जमीन कोणाकडे आहे हे कुठल्या प्रयोगात मोजणार. म्हणून माझं म्हणणं, सामाजिक विषयात एक कोर्स कधीच घेऊ नका, दोन घ्या, आणि दुसरा असा शोधा जो पहिल्याशी भांडेल. दोन्ही अर्धे बघितले तरी चालेल. एक पूर्ण बघण्यापेक्षा ते बरं.

जाता जाता, तुम्हाला जगाबद्दल किती माहीत आहे ते बघायचं असेल तर गॅपमाइंडर या संस्थेची ऑनलाइन चाचणी द्या. हान्स रोझलिंग यांच्या टीमने २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२,००० लोकांना जगाच्या परिस्थितीवर प्रश्न विचारले, हवामानाचा एक सोडून बाकी १२ प्रश्नांत लोकांची सरासरी बरोबर उत्तरं आली दोन. प्रत्येक प्रश्नाला तीनच पर्याय होते, म्हणजे डोळे मिटून ठोकले असते तरी चार आली असती! आपल्याला माहीत नसतं असं नाही, आपल्याला चुकीचं आणि जुनं पक्कं माहीत असतं. त्यावर उतारा म्हणून अवर वर्ल्ड इन डेटा ही वेबसाइट आहे, आलेख फुकट, डेटा डाउनलोड फुकट, कशावरून काढलं तेही खाली लिहिलेलं असतं. मी कोर्स घेण्याआधी तिथे त्या विषयाचं पान वाचतो आणि बरेचदा मग कोर्सची गरजच राहत नाही.

करिअरचं मात्र जपून. इथे फुकट कोर्स सगळ्यात जास्त फसवतात, आणि तेही खोटं न बोलता. कोर्स तुम्हाला विषय दाखवतो, नोकरी दाखवत नाही. समुद्री जीवशास्त्राच्या कोर्सात डॉल्फिन असतात, त्या कामात एक्सेल शीट असतात, परवानग्या असतात, निधीसाठी लिहायचे अर्ज असतात. डेटा सायन्सच्या कोर्सात डेटा धुऊन-पुसून हातात मिळतो, कामावर मात्र निम्मा दिवस कोणीतरी तारखा उलट्या भरल्यात त्या सरळ करण्यात जातो. मला कोडिंग आवडतं असं मला तीन वर्षं वाटत होतं, नंतर कळलं की मला कोडिंगचे व्हिडिओ बघायला आवडतं. दोन्ही फार वेगळ्या गोष्टी आहेत.

हे कळलं कसं तर सीएस५० मुळे, हार्वर्डचा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स. डेव्हिड मॅलन शिकवतात, लेक्चर तर नाटकासारखं रंगतं, पण खरा कोर्स लेक्चरमध्ये नाही तर दर आठवड्याच्या प्रॉब्लेम सेटमध्ये आहे. ते सोडवायला बसलो की मला दर वीस मिनिटांनी उठावंसं वाटायचं, आणि फोरमवर दुसरी माणसं होती ज्यांना तोच प्रोग्राम रात्री तीनला चालला म्हणून आनंदाने झोप येत नव्हती. तिथे मी समजून गेलो. (त्या कोर्सचं एक सर्टिफिकेट फुकटही मिळतं, सगळं काम पूर्ण केलं तर. मला अर्थातच मिळालं नाही.)

तर करिअरसाठी चाळायचं असेल तर सुरुवात कोर्सपासून करूच नका, कामाच्या वर्णनापासून करा. अमेरिकेच्या कामगार खात्याचा ओ-नेट नावाचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, ९०० च्या वर व्यवसायांची माहिती, प्रत्येकात माणूस दिवसभर नक्की काय करतो याची यादी. अमेरिकेतला आहे म्हणून पगाराचे आकडे तुमच्या उपयोगाचे नसतील, पण कामाची यादी बऱ्याच अंशी सगळीकडे सारखीच. त्यांची ६० प्रश्नांची आवड-चाचणी पण आहे, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या सहा प्रकारांवर बेतलेली, हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असलेले, माणसांत रमणारे, उद्योगी आणि व्यवस्थित नोंदी ठेवणारे. ही चाचणी म्हणजे पत्रिका नव्हे, पण मला 'नोंदी' मध्ये जास्त मार्क पडले तेव्हा मी रागावलो होतो आणि नंतर शांतपणे विचार केला तर ते खरंच होतं.

मग त्या कामाच्या यादीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम निवडा आणि ते शिकवणारा कोर्सचा भाग शोधा, मधलाच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला. पहिला आठवडा सगळ्यांचाच गोड असतो, तो लोकांना आत ओढायला बनवलेला असतो. कंटाळवाणं काम तीन संध्याकाळ करून बघा. चालवून घेता आलं तर पुढे जा. हे एवढंच, पण यामुळे माझे निदान दोन वर्षं वाचलेत.

सर्टिफिकेटचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. सरसकट उत्तर नाही. काही ठिकाणी त्याला खरं वजन आहे, एमआयटीच्या विकास-धोरणाच्या मायक्रोमास्टर्सचे (हा अनेक कोर्सचा मिळून एक संच) ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा पास झालेला माणूस तिथल्या पदव्युत्तर कोर्सला पदवी नसतानाही अर्ज करू शकतो, शिकणं फुकट पण परीक्षेचे पैसे. हा अपवाद. बाकी बहुतेक सर्टिफिकेट एवढंच सांगतं की या माणसाने शेवटपर्यंत क्लिक केलं. त्यापेक्षा शिकून केलेलं काहीतरी दाखवता आलं, आपल्या भागातल्या पाण्याचा काढलेला एक आलेख, एक छोटा प्रोग्राम, दहा माणसांशी बोलून लिहिलेली चार पानं, तर समोरच्याला बोलायला तरी काही मिळतं.

आता शिकण्याबद्दल एक वाईट बातमी. समजल्यासारखं वाटणं आणि समजणं यांची दोस्ती नाहीये. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला, एका गटाने तो परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं, परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. आणि २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दिसलं की स्वतः गणितं सोडवत शिकलेली मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटत मात्र होतं की आपण कमी शिकलो, छान लेक्चर ऐकणाऱ्यांना उलट वाटत होतं. म्हणजे शिकताना अडखळल्यासारखं होत असेल तर बहुतेक काहीतरी बरं चाललंय, आणि सगळं लोण्यासारखं जात असेल तर सावध व्हा. दीडपट स्पीडवर बघताना तर हे सुखद गुळगुळीतपण अजूनच वाढतं.

म्हणून मी व्हिडिओ मध्येच थांबवतो. तसंही एडएक्सच्या ६९ लाख व्हिडिओ-सेशनचा अभ्यास झाला होता २०१४ मध्ये, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत. तर सहा मिनिटं बघायचं, बंद करायचं, कागदावर चार ओळी लिहायच्या, न बघता. जे लिहिता आलं नाही तेवढंच परत बघायचं. आता तर चॅटबॉटला पण सांगता येतं की मला या विषयावर प्रश्न विचार, आणि त्या कामाला तो छान आहे, फक्त उत्तरं तपासायला त्याला बसवू नका, तो चुकीचं उत्तर पण तितक्याच गोड आवाजात देतो.

आणि एक मोठी गोष्ट लोक विसरतात, शिकता शिकता खरं काम पण करता येतं. २००७ मध्ये गॅलेक्सी झू सुरू झालं, लाखो आकाशगंगांचे फोटो लोकांसमोर ठेवले, ही लंबगोल आहे की सर्पिल एवढंच सांगायचं. हॅनी व्हॅन आर्केल नावाच्या एका डच शिक्षिकेला त्यात एक हिरवट-निळा ठिपका दिसला जो कशातच बसत नव्हता, तिने विचारलं हे काय आहे, आणि ती खरंच नवी गोष्ट निघाली, तिचंच नाव पडलं त्याला. तेच पुढे झूनिव्हर्स झालं, आता तिथे प्राण्यांचे, जुन्या हस्तलिखितांचे, हवामानाच्या नोंदींचे प्रकल्प असतात. पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे, झाड-किड्यांसाठी आयनॅचरलिस्ट. जैवविविधतेवरचा कोर्स मी दुसऱ्या आठवड्यात सोडला होता, पण आयनॅचरलिस्टवर खिडकीतल्या एका कोळ्याचा फोटो टाकला आणि अनोळखी माणसाने त्याची जात ओळखून दिली, तेव्हापासून मी रोज एक फोटो काढतो. हे कोर्समध्ये मोजलं जात नाही.

आता सोडण्याबद्दल, कारण शीर्षकात तेच वचन दिलंय. मी एक वही केलीय. कोर्स सोडताना तीन ओळी लिहिल्याशिवाय टॅब बंद करायचा नाही असा नियम. पहिली ओळ, यात काय नवीन कळलं. दुसरी, का सोडतोय, इथे खोटं बोलायचं नाही, 'वेळ नाही' हे उत्तर चालत नाही कारण ते कधीच खरं नसतं. तिसरी, आता कुठला प्रश्न डोक्यात राहिला. तिसरी ओळ रिकामी राहिली तर तो विषय आपला नाही, सुखाने सोडावा. आणि तिसऱ्या ओळीत प्रश्न आला तर पुढचा कोर्स त्या प्रश्नावरून शोधायचा, प्लॅटफॉर्मच्या पहिल्या पानावर काय ट्रेंडिंग आहे त्यावरून नाही.

गेल्या आठवड्यात फोल्डर साफ करायला बसलो, एकतीसचे नऊ राहिले. मातीच्या कोर्सचं पान वहीत असं आहे: एक, चमचाभर मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असू शकतात. दोन, शिकवणारा स्लाइड वाचून दाखवतो. तीन, मग एवढे जीव असताना माती 'मेली' असं कधी म्हणतात आणि ते मोजतात कसं? मधमाश्यांच्या पानावर तिसरी ओळ रिकामी होती, पण तो कोर्स मी अजून उडवलेला नाही.